‘कॅमेरा अडलाय’, ‘रडार उपलब्ध नाही’: ॲडासचा तोच इशारा पुन्हा पुन्हा येत असेल तर

मीटरवर पिवळी ओळ येते, वेग आपोआप राखणारं क्रूझ कंट्रोल सुटतं, गाडीला लेनमध्ये ठेवणारं लेन असिस्ट बंद पडतं. दोन दिवस सगळं ठीक चालतं आणि मग परत तेच. ॲडास, म्हणजे कॅमेरा-रडारने रस्ता बघून ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा, असलेल्या गाड्या रस्त्यावर वाढल्यापासून आमच्याकडे या एकाच तक्रारीच्या गाड्या सारख्या येतात. मालक बहुतेकदा मनाची तयारी करूनच येतो की आता कॅमेरा बदलावा लागणार. तशी वेळ फार क्वचित येते. कॅमेरा शाबूत असतो, त्याला समोरचं नीट दिसत नसतं किंवा तो जिकडे बघायला हवा तिकडे बघत नसतो. म्हणून आधी फुकटच्या तपासण्या, मग स्वस्तातल्या, आणि शेवटी गाडीतले दोषाचे कोड वाचणारा स्कॅनर.

लक्षणं: तुमची गाडी कुठल्या गटात बसते?

इशारा आला की पहिली गोष्ट, गाडी बाजूला घेऊन त्याचा फोटो काढा. नेमके शब्द लागतात. ‘कॅमेरा अडलाय’ आणि ‘सिस्टीम तपासून घ्या’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला म्हणतो मला दिसत नाही, दुसरा म्हणतो माझ्यात बिघाड आहे. फोटोसोबत वेळ, हवामान आणि गाडी कुठे उभी होती एवढं लिहून ठेवा. दोन-तीन नोंदी झाल्या की चित्र आपोआप स्पष्ट होतं.

– पाऊस, धुकं किंवा समोरून येणाऱ्या उन्हात इशारा येतो आणि थोड्या वेळाने आपोआप जातो.

– भर उन्हात उभी केलेली गाडी चालू केली की येतो, एसी चालल्यावर जातो.

– सकाळी स्टार्टर मारला की ॲडाससोबत एबीएस, हिल असिस्ट, स्टिअरिंग असे चार दिवे एकदम लागतात.

– काच बदलली, बंपरचं काम झालं, सस्पेन्शन उघडलं, त्या दिवसापासून सुरू आहे आणि जात नाही.

– इशारा काहीच नाही, पण गाडी विचित्र वागते. लेन असिस्ट एका बाजूला ओढतं, शेजारच्या लेनमधला ट्रक बघून गाडी स्वतःच ब्रेक मारते.

शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. इशारा देणारी गाडी निदान ‘मी बंद आहे’ असं सांगते तरी. ही गाडी चुकीचं बघते आणि खात्रीने वागते. तुमची गाडी या गटात असेल तर खालच्या घरगुती तपासण्या सोडा आणि थेट ‘इथे थांबा’ या भागावर जा.

आधी हे पाहा: हा बिघाड आहे तरी का?

लेन असिस्ट बहुतेक गाड्यांत साधारण ताशी ६० किमीच्या खाली काम करत नाही. इंडिकेटर दिला की गप्प बसतं, आणि बसायलाच हवं. रस्त्यावर पट्टेच नसतील तर त्याला धरायला काही नसतं. नवीन डांबर टाकून पट्टे मारायचे राहिलेत अशा रस्त्यावर लेनचं चिन्ह राखाडी होणं ही तक्रार नव्हे. क्रूझ कंट्रोल सीटबेल्ट काढला, दार नीट लागलं नाही किंवा ब्रेकवर पाय गेला की सुटतं. आणि स्टिअरिंगवरचं ॲडासचं बटण अंगठ्याने चुकून दाबलं जातं, त्या एका कारणासाठी लोक सुट्टी काढून येतात.

दुसरं, गाडीत नेमकं काय बसवलंय ते माहीत करून घ्या. होंडा सिटी आणि एलिव्हेटमध्ये पुढचं सगळं काम एकटा कॅमेरा करतो, पुढे रडार नाही. एक्सयूव्ही ७००, हॅरियर, ॲस्टर यांच्या ॲडासवाल्या मॉडेलांत कॅमेऱ्याच्या जोडीला रडार आहे. कॅमेरा आतल्या आरशाच्या पुढे काचेला चिकटून असतो. पुढचं रडार खालच्या जाळीत, बंपरमागे किंवा कंपनीच्या लोगोमागे असतं. ब्लाइंड स्पॉटची, म्हणजे आरशात न दिसणारी बाजूची गाडी हेरणारी रडारं मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, बाहेरून न दिसणारी. इशारा मागच्या बाजूचा असताना पुढची काच घासत बसलेले महाभाग पाहिलेत, म्हणून सांगतोय.

पहिली तपासणी: काच (खर्च: एक फडकं)

इथेच निम्म्याहून जास्त गाड्या बऱ्या होतात, म्हणून इथे घाई नको.

बाहेरून कॅमेऱ्यासमोर काचेचा वरच्या बाजूला निमुळता होणारा एक तुकडा दिसेल, भोवती काळे ठिपके असलेला. कॅमेरा जग बघतो ते एवढ्याशा खिडकीतून. वायपर चालू करून बघा. तेवढ्या भागातून पाणी स्वच्छ पुसलं जातं की एक रेघ मागे राहते? ब्लेडचं रबर कडक झालं की नेमकी वरच्या टोकाला रेघ राहते. ड्रायव्हरच्या नजरेसमोर काच स्वच्छ असते, त्यामुळे कुणाला पत्ताच लागत नाही. पावसाळ्यातल्या येणाऱ्या-जाणाऱ्या इशाऱ्यावर नवे ब्लेड हा सगळ्यात स्वस्त उपाय. उन्हाळ्यात रबर भाजून निघतं, तेव्हा मे संपता संपता ते बदलून टाकावं.

मग बोअरच्या पाण्याचे डाग. सोसायटीत रोज बादलीने गाडी धुतली जाते, पाणी उन्हात वाळतं, क्षार काचेवर बसतात. साध्या फडक्याने ते जात नाहीत. रात्री टॉर्च तिरका धरून त्या खिडकीवर प्रकाश टाका, पांढरट ठिपक्यांची जाळी चमकून उठते. समोरून हेडलाइट किंवा मावळतीचं ऊन आलं की कॅमेऱ्याला नेमकी हीच जाळी दिसते. काचेवरचे पाण्याचे डाग काढायचं द्रावण मिळतं, त्याने हलक्या हाताने पुसायचं. तारेची घासणी आणि दाढीचं ब्लेड या भागाला लावायचे नाहीत. इथला ओरखडा म्हणजे पुढे नवी काच.

आता स्टिकर. फास्टॅग आतल्या आरशाजवळ काचेच्या मध्यभागी लावतात आणि कॅमेराही तिथेच असतो. टोलनाक्यावर घाईत चिकटवलेला टॅग निम्मा कॅमेऱ्यासमोर आल्याची उदाहरणं भरपूर आहेत. सोसायटीचा पार्किंग स्टिकर, डॅशकॅमचा पॅड यांचंही तेच. एक लक्षात ठेवा, फास्टॅग उपटून दुसरीकडे चिकटवला की बहुतेकदा निकामी होतो, तो तसा बनवलेलाच असतो. त्यामुळे तो देणाऱ्या बँकेकडून बदलून घ्यायचा आणि नवा कॅमेऱ्याच्या खिडकीपासून दूर लावायचा. पुढच्या काचेला फिल्म लावली असेल तर तीही संशयितच. नियमाप्रमाणे या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा, आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला तर फिल्मचा एक मिलिमीटरही नको.

काचेची आतली बाजू हे वेगळं प्रकरण. नव्या गाडीच्या प्लास्टिकमधून उन्हात वाफा निघतात आणि काचेला आतून तेलकट थर बसतो. डॅशबोर्डला चकचकीत पॉलिश मारलं की तो दुप्पट वेगाने बसतो. बाकीची काच तुम्ही आतून पुसाल, पण कॅमेऱ्याच्या टोपणाखालचा भाग पोचेबाहेर राहतो. बाहेरून टॉर्चने बघितल्यावर त्या टोपणाच्या आत धुरकट थर दिसला तर टोपण स्वतः उघडू नका. ते काढण्यात अवघड असं काही नाही, पण आतला कॅमेरा ब्रॅकेटमध्ये अंशाच्या हिशोबाने बसलेला असतो, आणि लेन्सला बोट लागलं तर आधीपेक्षा वाईट. हे काम वर्कशॉपचं.

डॅशबोर्डवर पांढरा नॅपकिन, चकचकीत मूर्ती किंवा कागद असेल तर तो काढून एक फेरी मारून बघा. त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि कॅमेरा त्यातूनच रस्ता बघत असतो. बाप्पाला मॅट रंगाचा पाट दिला तरी काम भागतं.

दुसरी तपासणी: रडारचं तोंड (खर्च: पाणी आणि थोडा वाईटपणा)

वाईटपणा अशासाठी, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी फोन सुरू होतात. ‘कालच पूजा केली, आज क्रूझ चालत नाही.’ गाडीसमोर जाऊन बघावं तर झेंडूचा जाडजूड हार थेट लोगोवरून खाली जाळीपर्यंत आलेला, वर आपट्याची पानं, आणि पाणी शिंपडून सगळं ओलं. हार फक्त बाजूला करायचा, इग्निशन बंद करून चालू करायचं, थोडं चालवायचं, इशारा गायब. मालक तरीही विचारतोच, ‘फुलांनी काय होणार? रडार तर धुक्यातूनही बघतं ना?’

बघतं, पण पुढचं रडार साधारण ७७ गिगाहर्ट्झवर चालतं आणि तिथे लाटेची लांबी जेमतेम ४ मिलिमीटर असते. हवेत पसरलेल्या धुक्याचे कण त्याहून फार बारीक, म्हणून लाट त्यातून पार होते. पण ओल्या पानाफुलांचा थर, साचलेल्या चिखलाचा लपेटा किंवा बंपरवरून सलग वाहणारा पाण्याचा पडदा ती लाट शोषून घेतो. म्हणून कोकणात लाल मातीच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीला हा इशारा येतो आणि नळीने जाळी धुतल्यावर जातो. मुसळधार पावसात घाट चढताना आला तर तो बिघाड नाहीच. पाऊस ओसरल्यावर जायला हवा, एवढंच बघा.

लिंबू-मिरची नंबर प्लेटच्या बाजूला सरकवा. हार घालायचा तर बॉनेटवर, जाळी मोकळी सोडून, आणि गाडी रस्त्यावर काढण्याआधी तोही उतरवून ठेवा.

धातूचा बुल गार्ड असेल तर बोलणं तिथेच संपतं. रडारसमोर लोखंडी नळी ठेवून ते नीट चालेल अशी अपेक्षा करू नका. तसाही तो बेकायदा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून हे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२चं उल्लंघन असल्याचं कळवलं होतं. बाजारातली क्रोमची जाळी, लोगोवर चिकटवलेलं काळं कव्हर, नंबर प्लेटची भारी चौकट, हे सगळं काढून चार दिवस चालवून बघा. धुताना प्रेशर गनचं तोंड रडारवर जवळून धरू नका.

तिसरी: ऊन आणि बॅटरी (खर्च: मल्टिमीटर)

मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडची गाडी दुपारी उघड्यावर उभी राहिली की काचेला चिकटलेला कॅमेरा तापतो आणि स्वतःला वाचवायला तात्पुरता बंद होतो. एसी लावा, हवा काचेकडे सोडा. पंधरा-वीस मिनिटांत इशारा गेला तर विषय संपला. काचेला आतून सनशेड लावायची सवय ठेवा. केबिन गार झाल्यावरही जात नसेल तर पुढे वाचा.

सकाळी चार दिवे एकदम लागतात त्या गटासाठी आधी १२ व्होल्टची बॅटरी. स्टार्टर फिरताना व्होल्टेज कोसळलं की गाडीतले कंट्रोल युनिट एकमेकांशी बोलायचं थांबतात आणि प्रत्येक जण आपापला दिवा लावतो. ॲडास तर एबीएस, स्टिअरिंग आणि इंजिन या तिघांवर अवलंबून, त्यामुळे तो सगळ्यात आधी रुसतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार न उघडता, आणि ते शक्य नसेल तर दार उघडून थोडं थांबून, मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे बॅटरी भरलेली. १२.२ म्हणजे निम्म्यावर आलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.७ दिसायला हवं. स्मार्ट चार्जिंगवाल्या, म्हणजे गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करणाऱ्या गाडीत आकडा खाली-वर होतो, एका नजरेवर निकाल देऊ नका. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर तीच साफ करून घट्ट करा. स्टार्ट-स्टॉपवाल्या, म्हणजे सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणाऱ्या गाडीत स्वस्तातली साधी बॅटरी टाकलेली असेल तर कारण सापडलं म्हणायला हरकत नाही.

पार्किंगमध्ये दिवसभर चालणारा डॅशकॅम बॅटरी चोखतो, हेही याच खात्यात धरा.

चौथी: टायर

यात फार काही नाही. चारही टायरची हवा दाराच्या चौकटीवरच्या तक्त्याप्रमाणे भरा. टायरचा आकार बदललाय का बघा, मागे उंच वाटावी म्हणून स्प्रिंगखाली स्पेसर टाकलाय का बघा. गाडी मागून उचलली की कॅमेऱ्याची नजर खाली जाते. एबीएसचा दिवाही सोबत असेल तर चाकाजवळच्या सेन्सरची वायर उंदराने कुरतडली नाही ना, तेही पाहावं.

पाचवी: मागच्या वर्षभरात काय उघडलं होतं?

काच, बंपर, सस्पेन्शन, व्हील अलाइनमेंट. यातलं काही झालं आणि त्यानंतर तक्रार सुरू झाली, तर घासपूस थांबवा. चष्मा नाकावरून घसरलाय, डोळ्यांत औषध घालून उपयोग नाही. इथे लागतं कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा-रडारची नजर मोजून पुन्हा नेमकी सरळ करणं.

हे एवढं महत्त्वाचं का, ते आकड्यांत बघा. कॅमेरा किंवा रडार बाजूला फक्त १ अंश वळलं, तर १०० मीटर पुढे नजर सुमारे पावणेदोन मीटर सरकते. आपल्या महामार्गाची लेन साडेतीन मीटरची. म्हणजे १ अंशात अर्धी लेन गेली. पुढची गाडी तुमच्या लेनमध्ये आहे की शेजारच्या, हा निवाडाच चुकतो. पार्किंगमध्ये खांबाला हलका धक्का बसला, बंपर पुन्हा जागेवर आला, रंगही उडाला नाही, पण बंपरच्या आतला रडारचा पत्रा वाकला, असं सर्रास होतं.

बंपरच्या कामात आणखी एक ग्यानबाची मेख आहे. तडा गेला म्हणून पुट्टी भरून रंग मारतात. बाहेरून बंपर झकास दिसतो. पण रडार ज्या प्लास्टिकमधून बघतं त्याची जाडी आणि रंग कंपनीने लाटेच्या हिशोबाने ठरवलेला असतो. त्यावर दोन-तीन मिलिमीटर पुट्टी आणि धातूचे कण असलेला रंग चढला की रडार अर्धवट आंधळं होतं, आणि कितीही कॅलिब्रेशन केलं तरी दोष परत येतो. मागच्या कोपऱ्यातल्या ब्लाइंड स्पॉट रडारच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण तिथे रडार आहे हेच पेंटरला माहीत नसतं. बंपरच्या आतून हात फिरवला की बुजवलेला तडा बोटांना लागतो. अशा वेळी नवा बंपर घ्यावा लागतो, दुसरा उपाय नाही.

काच बदलताना दुकानदार विचारतो, ‘ओरिजिनल टाकू की लोकल?’ ॲडासच्या गाडीत कॅमेऱ्याचा ब्रॅकेट काचेलाच चिकटवलेला असतो आणि त्या खिडकीतली काच लहर नसलेली, ठरलेल्या दर्जाची लागते. कंपनीने मान्य केलेली काच घ्या. काच बसली की चिकटवणारा पदार्थ सुकेपर्यंत गाडी हलवू नका, आणि सुकल्यावर कॅलिब्रेशन करून घ्या.

सहावी: स्कॅनर

ऑनलाइन मिळणारा स्वस्त ब्लूटूथ रीडर इंजिनचे कोड वाचतो. ॲडासचं युनिट त्याला बहुतेकदा दिसतच नाही. ‘एकही कोड नाही’ असं त्याने सांगितलं म्हणून निर्धास्त होऊ नका. कंपनीचा किंवा तेवढ्याच ताकदीचा स्कॅनर लागतो. ‘यू’ अक्षराने सुरू होणारे कोड युनिटांमधला संवाद तुटल्याचे असतात, तिथे बॅटरी, कनेक्टर, पाणी शिरलेली वायर आधी बघायची. कोड पुसला म्हणजे दोष गेला असं नाही. पुसून दिलेली गाडी पन्नास किलोमीटरवर परत दिवा लावते आणि तोवर बिल दिलेलं असतं.

इथे थांबा, वर्कशॉपला जा

लाल ब्रेकचा दिवा, एअरबॅगचा दिवा, ब्रेक पेडल मऊ लागणं, स्टिअरिंग जड होणं: गाडी चालवतच नेऊ नका, टो करून न्या. रस्ता मोकळा असताना गाडीने स्वतः ब्रेक मारला किंवा लेन असिस्टने चुकीकडे ओढलं, तर मेनूतून ती सोय बंद करा आणि दाखवून घ्या. बऱ्याच गाड्यांत इग्निशन बंद करून चालू केलं की ती पुन्हा सुरू होते, त्यामुळे प्रत्येक वेळी बंद करावी लागेल. अपघातानंतर, धक्का कितीही हलका असो, स्वतः तपासत बसू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी वायर दिसली की हात मागे घ्या. पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, तेही सोडा. कॅमेरा, रडार आणि त्यांचे स्क्रू घरी उघडायचे नाहीत. आणि वरच्या पहिल्या चार तपासण्या करूनही इशारा आठवडाभरात परत आला, तर घरचे प्रयोग संपले.

वर्कशॉपमध्ये कामाचा क्रम विचारून घ्या. टायरची हवा, मग व्हील अलाइनमेंट, आणि त्यानंतर कॅलिब्रेशन. उलट केलं तर पैसे पाण्यात, कारण गाडीची सरळ दिशाच नंतर बदलते. डिकीतलं सामान काढून ठेवा. स्थिर कॅलिब्रेशनला सपाट फरशी, समोर मोकळी जागा आणि मोजून ठेवलेला ठिपक्या-चौकटींचा फलक लागतो. उतारावरच्या टपरीवजा गॅरेजात, समोर दुसरी गाडी उभी असताना ते होत नाही. चालवून करायच्या कॅलिब्रेशनला स्पष्ट पट्टे आणि सलग वेग हवा. पुण्यात संध्याकाळी सहाला सिंहगड रोडवर ते पूर्ण होणार नाही. सकाळी लवकर एक्सप्रेसवेवर किंवा समृद्धीवर काम पटकन उरकतं.

कामाआधीचा आणि कामानंतरचा स्कॅन, आणि कॅलिब्रेशन पूर्ण झाल्याचा रिपोर्ट, हे तीन कागद मागून घ्या. काच विम्यातून बदलत असाल तर एस्टिमेटमध्ये काच, चिकटवण्याचं सामान आणि कॅलिब्रेशन या तीन वेगळ्या ओळी आहेत का ते सही करण्याआधी बघा. सर्व्हेअरने मंजूर केल्यावर मागाहून कॅलिब्रेशन वाढवायला गेलं की तो खर्च खिशातून जातो.